हळदीचे ठिपके

झोपेत माझं काय होतं हे आमच्या घरात फक्त एका माणसाला माहीत होतं, आणि ते माणूस मी नव्हते. सव्वा वर्ष मला झोपेत आकडी येत होती. रात्री दहाला मी आडवी व्हायची, सकाळी सहाला उठायची, आणि मधलं काहीही मला आठवत नसे. अंगावर खुणा मात्र राहायच्या. त्या खुणांवरून मी जे तर्क केले त्यांची आज लाज वाटते. तेव्हा ते मला पुराव्यासारखे पक्के वाटत होते.

स्वभाव मुळातच संशयी. त्यात नोकरीही अशी, की तो वाढीलाच लागावा. रत्नागिरीत कोर्टापासून जवळ एका वकिलांच्या ऑफिसात मी मराठी टायपिस्ट होते. घरात गोडीगुलाबीने राहणारी माणसं कागदावर एकमेकांबद्दल काय लिहून देतात, ते रोज माझ्या बोटांखालून जायचं. ‘वादी हा अत्यंत साध्या स्वभावाचा असून’ हे वाक्य टाइप करताना मला हसू यायचंसुद्धा थांबलं होतं, इतकी साधी माणसं मी टाइप केली होती.

१९९८च्या मे महिन्यात माझं लग्न झालं. नवरा अलोऱ्याला वीज प्रकल्पाच्या ऑफिसात होता. तिथल्या कॉलनीत दोघा सोबत्यांबरोबर एका खोलीत राहायचा. शनिवारी संध्याकाळच्या एसटीने यायचा आणि सोमवारी पहिल्या गाडीने जायचा. सासरे आधीच वारलेले. त्यामुळे आठवड्याचे पाच दिवस शहराच्या कडेच्या त्या घरात आम्ही दोघीच असायचो. मागे विहीर, बाजूला आंब्याची दहा-बारा कलमं, आणि निजायला माजघर. सासूबाई खाटेवर, मी खाली गादीवर; नवरा आला की आम्ही दोघं पलीकडच्या खोलीत. त्या चौथी शिकलेल्या, मोजकं बोलणाऱ्या आणि चालताना पायाचा आवाज न करणाऱ्या. पायाचा आवाज न करणाऱ्या माणसावर माझा चटकन विश्वास बसत नाही.

लग्नाला महिना झाला असेल. आम्ही दोघी ओटीवर फणसाच्या आठळ्या सोलत बसलो होतो. माझ्या नोकरीत मी नेमकं काय करते असं त्यांनी विचारलं, आणि मी फुशारून गेले. त्याच आठवड्यात एका नवऱ्याचा अर्ज टाइप केला होता, तो मी त्यांना सांगितला. बायकोला अपस्माराचे झटके येतात, माहेरच्यांनी ते लपवून लग्न लावून दिलं, सबब हे लग्न रद्द करावं. तेव्हाच्या कायद्यात तशी सोय होती. सासूबाईंनी विचारलं, त्या मुलीचं पुढे काय झालं? मी म्हटलं, ते मला कसं कळणार, आमच्याकडे फक्त अर्ज असतो. मग त्यांनी विचारलं, की तिला झटके येतात हे ठरवतं कोण?

“डॉक्टरचा कागद लागतो,” मी म्हटलं. “कागद असला की झालं, आई. मग कुणाचं काही चालत नाही.”

त्या आठळ्यांची साल सुपात भरून मागीलदारी निघून गेल्या. माझ्या ज्ञानाने त्या दिपल्या, असं मला वाटलं.

आषाढात एके सकाळी उठले तर जिभेची उजवी कड सुजून हुळहुळत होती. चहाचा घोट घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं. आदल्या रात्री अळूचं फदफदं होतं. अळू खाजरं असतं, त्यात आमसुलं नीट पडली नाहीत तर तोंड सोलवटतं, हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असतं. मनात पाल चुकचुकली. सासूबाईंना तीस-चाळीस वर्षांचा हात, त्या आमसूल विसरतील कशा? आणि विसरल्या असत्या तर त्यांचं तोंड का नाही खाजलं? म्हणजे माझं वाढून झाल्यावर त्यांनी आपल्या वाट्यात आमसुलं टाकली असणार, असं मी ठरवून टाकलं. पुढच्या वेळी अळू मी स्वतः केलं आणि मूठभर आमसुलं घातली. इतकं आंबट झालं की दोघींनाही जाईना. त्यानंतर चार दिवसांनी जीभ पुन्हा सुजली, आणि तेव्हा तर अळू नव्हतंच.

मग इतर गोष्टी डोळ्यांवर येऊ लागल्या. निजताना गादीवर निळी चादर असायची आणि उठावं तर खाली फुलाफुलांची. निळी मागच्या पडवीत दोरीवर निथळत असायची. विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, मांजराने घाण केली. मांजर शेजारच्यांचं होतं आणि ते पावसाळ्यात त्यांच्या चुलीपासून हलत नसे. अंग कधीकधी असं दुखायचं, की आदल्या दिवशी भातलावणी केली असावी. आणि एक दिवस ऑफिसातून आले तर माझ्या उशाशी असलेली पत्र्याची ट्रंक उचलून ओटीवर ठेवलेली. तिच्या जागी जुन्या गोधड्यांची वळकटी. “वाटेत येते,” एवढंच उत्तर मिळालं. मी ट्रंक उघडून साड्या मोजल्या, लग्नाचे कागद पाहिले. सगळं जागच्या जागी होतं. कुलूपही शाबूत होतं, त्यामुळे संशय उलट वाढला.

कॅलेंडर मला श्रावणात दिसलं. म्हणजे ते स्वयंपाकघराच्या दाराशी लटकत आधीपासूनच होतं, पण काही तारखांच्या कोपऱ्यात हळदीचे बारीक ठिपके आहेत हे तेव्हा लक्षात आलं. दुधाच्या खुणा पेन्सिलीच्या असत, त्या दुसऱ्या कोपऱ्यात. हे ठिपके निराळे होते, महिन्यातून एक, क्वचित दोन. आधी वाटलं, बाई माझी पाळी मोजतेय. नवी सून, नातवाची घाई. पण तारखा जुळेनात. मग वाटलं, अमावास्या-पौर्णिमेचं काही करत असतील, पण तेही जुळेना. एक ठिपका दशमीला, एक द्वितीयेला, एक भर गणपतीत. मी ऑफिसात कागद जुळवून पाहायची त्याच चिकाटीने ते ठिपके जुळवून पाहत होते आणि माझ्या हाती काही म्हणता काही लागत नव्हतं.

विचारून मोकळी का नाही झालीस, असं पुढे बहिणीने मला विचारलं होतं. पण विचारलं की समोरचा सावध होतो, हे मी कोर्टाच्या आवारात शिकले होते.

१९९९च्या फेब्रुवारीत तो अपस्माराचा अर्ज पुन्हा आमच्या टेबलावर आला. समोरच्या वकिलांनी तपशील मागितला होता, म्हणून अर्ज दुरुस्त करून टाइप करायचा होता. त्या मुलीच्या नवऱ्याने तपशील दिला होता. बायकोला जागेपणी काही होत नाही, फक्त झोपेत होतं. पहाटे घशातून घोगरा आवाज येतो, दात आवळले जातात, हातपाय ताठून झटके देतात. सकाळी जीभ चावलेली असते, अंग ठणकतं, कधी अंथरूण ओलं होतं आणि तिला स्वतःला यातलं काही ठाऊक नसतं.

‘अंथरूण’ या शब्दावर माझी बोटं थांबली. त्या सकाळीसुद्धा माझी जीभ सुजलेली होती. मशीनच्या रुळावरचा तो कागद माझ्याबद्दल बोलत होता, आणि शेजारच्या टेबलावरचे कारकून विचारत होते, की रिबन अडकली का. मी हो म्हटलं आणि रिबन काढून पुन्हा बसवली. तो अर्ज मी एकही चूक न करता पुरा केला, हे मला अजून आठवतं.

घरी येताना सगळं आपोआप जागेवर बसत गेलं. चादर बदलणारी बाई सगळं बघत होती. बघून गप्प होती आणि तारखांवर खुणा करत होती. सासूबाई टिपण ठेवत होत्या. झटके कधी आले, किती आले, याचं टिपण. आणि पुढे काय करायचं हे त्यांना मीच ओटीवर बसून सांगितलं होतं. आता फक्त डॉक्टरचा कागद राहिला होता.

नवरा मला आवडू लागला होता, हे सरळच सांगते. शनिवारी संध्याकाळी बेड्याचा, म्हणजे अंगणाच्या फाटकाचा, आवाज झाला की माझा चेहरा बदलतो, असं सासूबाई शेजारणीला सांगत. दोन दिवसांचा संसार होता, पण तो मला हवा होता. आणि परत कुठे जाणार होते मी? माहेरी दापोलीकडच्या गावात वडील रिटायर झालेले, धाकटी बहीण लग्नाची. फिट येणारी मुलगी परत आली हे एकदा तालुक्यात झालं, की तिचंही लग्न अडलं असतं. मी तोंड मिटून राहायचं ठरवलं. जीभ सुजली की मी मुद्दाम गरम चहा प्यायची आणि पोळली म्हणायची.

मे महिन्यात माहेरी गेले तेव्हा आईला आडून विचारलं. लहानपणी दर उन्हाळ्यात ती मला जंतांचं औषध द्यायची, झोपेत दात खाते म्हणून. आणि थेट लग्नापर्यंत मला तिने कधी एकटं निजू दिलं नव्हतं. मी विचारलं, आई, नुसते जंतच होते ना? तिने माझ्या पानात आणखी भात वाढला आणि कढी आणायला उठली. तिला माहीत होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येणार नाही. माहीत असणार, असंच मला वाटत आलंय.

सासूबाईंचं एक वागणं मात्र माझ्या तर्कात बसत नव्हतं. शनिवारी मला अर्धी सुट्टी असायची. घरी आले की त्या मला जेवायला घालून माजघराचं दार ओढून घ्यायच्या आणि म्हणायच्या, नीज दोन तास. मी म्हणायची, मला झोप नाही. तर म्हणायच्या, डोळे मिटून पड. एरवी सुट्टीच्या दिवशीही ज्या बाईने मला कधी दुपारी पडू दिलं नाही, तिला शनिवारीच एवढा पान्हा का फुटावा? मी निजले की त्या माझ्या कपड्यांत काही शोधतात की काय, म्हणून मी पापण्या किलकिल्या ठेवून पाहायची. त्या दाराशी बसून वाती वळत असायच्या आणि कुणी हाक मारत आलं तर बोट ओठांवर ठेवायच्या. मला ते पहाऱ्यासारखं वाटायचं.

दसरा झाल्यावरच्या आठवड्यात ऑफिसात कामाचा डोंगर होता. रोज उशीर झाला, आणि शनिवारी तर दिवे लागल्यावर घरी आले. दुपारची झोप राहिली. रविवारी सकाळी उठले तेव्हा नवरा खोलीत नव्हता. जीभ दुखत होती आणि खाली फुलाफुलांची चादर होती. मी काय ते समजले. न्हाणीघरात गेले तर मागीलदारी विहिरीजवळ मायलेकांची कुजबुज चालली होती. मला दोनच शब्द स्पष्ट ऐकू आले, ‘डॉक्टर’ आणि ‘कागद’. नवरा ते दोनदा म्हणाला. मी आत आहे हे लक्षात येताच दोघं गप्प झाली.

आधी डॉक्टर, मग कागद, मग नोटीस. हा क्रम मला पाठ होता.

सासूबाई देवळात गेल्या आणि नवरा दुकानावर गेला, तेवढ्यात मी स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. खिळ्यावर चालू वर्षाचं कॅलेंडर होतं आणि त्याखाली मागच्या वर्षाचं. दोन्ही काढली. न्हाणीच्या चुलीत आंघोळीच्या पाण्याचा जाळ अजून होता, माडाची चुडतं धगधगत होती. कॅलेंडरचा कागद गुळगुळीत, लवकर पेटेना. मी पानं सुटी करून एकेक आत सारली. मी सारखी दाराकडे बघत होते, पण मला बरंही वाटत होतं. पुरावा नाहीसा करणाऱ्या माणसांची हकिगत मी पुष्कळ वेळा टाइप केली होती. ती माणसं किती घाबरलेली असतात ते मला त्या दिवशी कळलं. वर आणखी नारळाची दोन सोडणं टाकली आणि हात धुतले.

सासूबाई आल्या, खिळ्याकडे पाहिलं आणि विचारलं, कॅलेंडर कुठे गेलं. मी म्हटलं, वाऱ्याने पडलं असेल. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग पाणी तापलंय का बघायला न्हाणीकडे गेल्या आणि बराच वेळ तिकडेच होत्या. परत येऊन त्यांनी तांदूळ धुवायला घेतले.

सोमवारी नवऱ्याने रजा टाकली. मला सांगितलं की तिघांनी डॉक्टरांकडे जायचं, तुला बरं नाही. मला काय झालंय, हे तो सांगेना आणि मीही विचारलं नाही. रिक्षात मी कडेला बसले. डॉक्टरांसमोर एक शब्द बोलायचा नाही आणि काही लिहून दिलं तर त्याची नक्कल मागायची, असं मी ठरवलं होतं.

डॉक्टर वयस्क होते. नवऱ्याने रविवारी पहाटे पाहिलेलं सांगितलं, पण त्याने पाहिलं ते एकदाच आणि अर्धवट झोपेत. डॉक्टरांनी विचारलं, असं आधी किती वेळा झालं, कधी, किती वेळ चालतं? नवऱ्याने आईकडे पाहिलं. सासूबाईंनी पदर सावरला आणि सांगायला लागल्या.

“पहिली आषाढातल्या दशमीला. पागोळ्यांचा आवाज होता म्हणून मला जाग उशिरा आली. दुसरी त्याच महिन्यात, दीपपूजेच्या आधी चार दिवस. मग श्रावणात द्वितीयेला.” अशा त्या सांगत गेल्या. गौरी आणायच्या आदल्या पहाटे. धनत्रयोदशीला. मार्गशीर्षात दोनदा. कुठल्या वेळी मान उजवीकडे वळली, कुठल्या वेळी आवाज जास्त होता, कुठल्या वेळी अंथरूण भिजलं. सव्वा वर्षातल्या साऱ्या पहाटा त्यांनी एका दमात सांगितल्या. डॉक्टरांचं पेन मागे पडायला लागलं.

ते म्हणाले, झटका किती वेळ चालतो ते अंदाजाने नको.

“अंदाज नाही. मी हिला कुशीवर वळवते आणि जपाची माळ ओढते,” सासूबाई म्हणाल्या. “माळ पुरी व्हायच्या आत थांबतं. मार्गशीर्षात एकदा पुरी झाली आणि दुसरीतले वीस मणी झाले. तेव्हा मी घाबरले.”

डॉक्टरांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि त्यांना तिथेच माळ ओढायला लावली. कमरेच्या पिशवीतून त्यांनी माळ काढली. आम्ही तिघं ते पाहत होतो. मणी सरकत होते, ओठ हलत होते, आणि मला पहिल्यांदा दिसलं की मी निजलेली असताना ही बाई काय करत होती.

डॉक्टरांनी वेळ लिहून घेतली आणि मग चिडले. सव्वा वर्ष घरात ठेवलंत? कुणाला सांगितलं नाहीत, स्वतःच्या मुलालासुद्धा? आधी आणलं असतंत तर एवढ्यात गोळ्यांनी थांबलं असतं.

सासूबाईंनी माळ पिशवीत घातली. “तुम्ही लिहिलंत की तो कागद होतो,” त्या म्हणाल्या. “कागद असला की सुनेला परत पाठवता येते. हिनेच मला सांगितलंन, ही कोर्टातलं टाइप करते. पोराला सांगितलं तर तो डॉक्टरकडे नेणार, आणि आमच्यात सल्ला देणारे काय कमी आहेत? कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलंन असतं. म्हणून मी लिहिलं नाही. नुसते ठिपके केले. ठिपका कोर्टात वाचता येत नाही.”

“मग आज का आणलंत?” डॉक्टरांनी विचारलं.

“काल ह्याने बघितलंन. म्हणाला, कागद होऊ दे, कागदाचं मी बघतो.”

मी मान खाली घातली होती. माझे डोळे भरून आले होते आणि सगळ्यांना वाटलं, की आजाराचं नाव ऐकून मी घाबरले. नवऱ्याने पाठीवर हात ठेवला. सासूबाईंनी ठिपके तिथी पाहायला सुरू केले होते, हेही तिथेच कळलं. अवसेला-पुनवेला होतं का, हे त्यांना बघायचं होतं. तिसऱ्या-चौथ्या ठिपक्याला त्यांची खात्री पटली की हे बाहेरचं नाही, आजार आहे, आणि जागरण झालं की तो येतो. नवरा येणार त्या रात्री जागरण ठरलेलं, म्हणून शनिवारची झोप त्यातून निघाली होती. ट्रंकेचा कोपरा माझ्या डोक्याला लागू नये म्हणून तिथे वळकटी आली होती. त्यांनी एवढं सगळं बरोबर ओळखलं, आणि चूक एकच केली, ती मी शिकवल्यामुळे.

नंतर डॉक्टरांनी आम्हाला कोल्हापूरला पाठवलं. जागेपणी काढलेल्या मेंदूच्या आलेखात काही सापडलं नाही, म्हणून झोपेतला काढायचा ठरला. त्यासाठी आदल्या रात्री जागायचं होतं. लॉजच्या खोलीत सासूबाईंनी मला सासरच्या चार पिढ्यांची भांडणं सांगून जागं ठेवलं. एरवी मोजकं बोलणारी ही बाई तेवढ्या रात्री पहाटेपर्यंत बोलली. सकाळी डोक्याला तारा चिकटवून नर्स म्हणाली, “झोपा की आता निवांत.” सासूबाई दाराबाहेर बसून राहिल्या. झोपेतल्या आलेखात ते दिसलं. गोळ्या सुरू झाल्या आणि महिन्याचा झटका तीन-चार महिन्यांवर गेला.

त्या पौष महिन्यात ऑफिसात वकीलसाहेबांनी मला एक राजपत्र वाचून दाखवलं. विवाहाच्या कायद्यातून अपस्माराचा शब्द काढून टाकला होता. आता कुणाला या कारणावरून लग्न मोडता येणार नव्हतं. त्यांना माझं काही माहीत नव्हतं, नमुन्यातला मजकूर बदलायला हवा म्हणून सांगत होते. मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्यांनी दोनदा विचारून घेतलं, की नक्की छापून आलंय ना. पुढे चैत्रात मला झटका आला, त्या सकाळी त्यांनी माझ्या पर्समधून बॉलपेन मागून घेतलं आणि नव्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहिलं, ‘आकडी, पहाटे, अर्धी माळ’. अक्षर चौथीतल्या मुलीसारखं होतं. त्यानंतर ठिपके बंद झाले.

मी मात्र न्हाणीच्या चुलीचं कधी बोलले नाही. कितीदा ओठांवर आलं, पण सांगायची हिंमत झाली नाही. त्यांना खरंच कळलं नसेल, अशी माझी मीच समजूत घालत राहिले.

सहा वर्षांनी आम्ही पुन्हा कोल्हापूरला गेलो. झटके जवळजवळ थांबले होते, पण मला वेगळीच तक्रार होती. बोलता बोलता साधे शब्द हरवायचे. ऑफिसात मशीन जाऊन कॉम्प्युटर आला होता, आणि ओळीच्या मध्येच मी पुढचं विसरायची. गोळ्यांमुळे होत असेल म्हणून विचारायला गेले होते. तिथले डॉक्टर निवांत समजावणारे. ते म्हणाले, गोळ्यांमुळेही असेल, पण आता हा आजार वेगळ्या तऱ्हेने पाहिला जातो. मेंदूत झटका कुठून सुरू होतो एवढंच पाहत नाहीत, मेंदूचे वेगवेगळे भाग एकमेकांशी कसे जोडलेले आहेत तेही पाहतात. झोपेत ही देवाणघेवाण सगळ्यांचीच बदलते. ज्यांना झोपेत झटके येतात त्यांच्यात काही भाग एकमेकांना जरा जास्तच धरून राहतात आणि काहींची जोड सैल पडते. आणि हा फरक झटका नसतानाही, दिवसा जागेपणीही थोडाफार सापडतो. शब्द अडणं, लक्ष निसटणं हे त्यातूनही येऊ शकतं.

मला वेगळंच सुचलं. मी विचारलं, “डॉक्टर, मला लोकांचा संशय येतो. नको तिथे नको ते जोडते. तेही यामुळेच का?”

हे विचारताना मला खरंच आशा वाटत होती. ते हो म्हणाले असते तर माझं एक ओझं उतरलं असतं.

ते म्हणाले, असं सांगता येत नाही. पुष्कळ माणसांच्या तपासण्या एकत्र ठेवल्या की असे फरक दिसतात, एका माणसाच्या स्वभावावर त्यातून बोट ठेवता येत नाही.

“तिचा संशय लग्नाआधीपासूनचा आहे,” सासूबाई म्हणाल्या. “तो गोळीने जायचा नाही.”

डॉक्टर हसले. मग त्यांनी झटक्यांची नोंद मागितली. सासूबाईंनी कापडी पिशवीतून कॅलेंडरांची गुंडाळी काढली, दोऱ्याने बांधलेली, सहा वर्षांची. त्यांचं ते चौथीतलं अक्षर डॉक्टर पान उलटून उलटून वाचत होते. अशी नोंद आपण कुणाची पाहिली नाही, असं म्हणाले. मग सगळ्यात खालचं वर्ष पाहून त्यांनी विचारलं, याच्या आधीची दोन वर्षं? सुरुवात तेव्हाची आहे, ती फार उपयोगी पडली असती.

सांगायची तीच वेळ होती. मी तोंड उघडलं.

“ती नाहीत,” सासूबाई माझ्याआधी म्हणाल्या. “माझ्या हातून जळली. न्हाणीच्या चुलीत.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कॅलेंडरं पुन्हा एकावर एक लावून त्या दोरा बांधू लागल्या, आणि गाठ मारायला बोट धर म्हणून त्यांनी गुंडाळी माझ्यापुढे केली.